भराव नसलेला पूल

मला उंच गोष्टींचं वेड लहानपणापासून. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. बाईमाणसाला सोन्याचं वेड असावं, लुगड्याचं असावं, गेला बाजार चहाचं असावं. पूल, टाक्या आणि चिमण्या बघत उभी राहणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली. माझी आई चारचौघांत म्हणायची, "हिला बघायला पाव्हणे आले तर ही त्यांच्या गावात पाण्याची टाकी हाय का, तेच इचारील." आणि मी खरंच विचारलं होतं. टाकी नव्हती, पण नवरा मिळाला. तो चांगला निघाला, म्हणून टाकीचं विसरले.

वेड लागलं ते ऊसतोडीमुळं. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं कुलूप लावून कारखान्यांकडं निघतात. ट्रकमध्ये खाली बिऱ्हाड, वर कोंबड्या, कोंबड्यांच्या वर आम्ही पोरं. मला रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, पण पूल कळायचा. चाकाचा आवाज बदलायचा, खालून गार वारा यायचा, आई डोक्यावर पदर घेऊन म्हणायची, "भीमा आली, हात जोडा." मी हात जोडायची ते नदीला नाही, पुलाला. एवढं ओझं भरलेला ट्रक त्यानं अलगद पाण्यावरून उचलून पलीकडं ठेवला, त्याला नको का हात जोडायला? पुढं कृष्णेवर दगडी कमानींचा जुना पूल लागायचा. त्या कमानी पाण्यात उलट्या दिसून पुरे गोल व्हायच्या. नंतर लांबून कारखान्याची चिमणी दिसायची. बाप म्हणायचा, "आलं घर." दुसऱ्याच्या चिमणीवरून आम्ही आमचं घर ओळखायचो. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

लग्नानंतरही बरीच वर्षं ऊस तोडला. मग पाठीनं दगा दिला. तोवर आमच्या मालकांनी कोरडवाहू रानात एक विहीर पाडली होती, तिला पाणी लागलं आणि आम्ही गावात राहिलो. एकदा पुण्याला चुलत बहिणीकडं गेलते. तिच्या घरासमोर आभाळात घुसलेली इमारत, बाहेरून नुसती काच. मी मान वर करून मजले मोजत होते तर वॉचमन आला, "ओ मावशी, काय पाहिजे?" मी म्हणलं, "काय न्हाई बाबा, बघतेय." तो म्हणाला, "बघायचं नाही इथं." आता बघा! एवढी उंच बांधायची आणि वर लोकांनी बघायचं नाही. मग जमिनीखाली बांधायची होती. मी मुद्दाम परत पहिल्या मजल्यापासून मोजायला सुरुवात केली.

तर अशा बाईच्या दारात पूल आला, तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल?

आमचं गाव गेवराई तालुक्यात, नदीच्या अलीकडच्या अंगाला. पलीकडं डांबरी रस्ता, बाजार, दवाखाना, बीडची एसटी, सगळं पलीकडंच. मधी एक फरशी, म्हणजे नदीच्या तळालगत बांधलेला बुटका रस्ता. वर जरा पाऊस झाला की फरशी पाण्याखाली आणि आम्ही अलीकडं अडकलेलो. त्या नदीवर उंच पूल मंजूर झाला. खड्डे खोदले, सळयांचे पिंजरे उभे राहिले, मिक्सर घरघरायला लागला. मी आणि मालक रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचो. खांब वर आले. गोल, गुळगुळीत, बुडापासून माथ्यापर्यंत एकसारखे. कृष्णेवरच्या कमानींची नजाकत त्यांना नव्हती, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. पण दिवस मावळताना एका बाजूला उजेड आणि एका बाजूला सावली पडली की ते खांब असे दिसायचे की मला रडूच यायचं. मालक म्हणायचे, "अगं, पुलाला बघून कोण रडतं?" मी म्हणायची, "तुमी बघा की नीट." मग तेही नीट बघायचे. एकदा म्हणाले, "ह्यो आपल्या नातवंडांच्या नातवंडांनासुदीक पुरतोय बघ." आमची एकच लेक, आष्टीकडं दिलेली. तीही नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर जाते. नातवंडांचा अजून पत्ता नव्हता. पण पूल तेवढा पक्का होता.

आता घोडं कुठं पेंड खातं ते सांगते.

पूल पलीकडच्या रस्त्याला जोडला गेला. आमच्या बाजूला मातीचा भराव घालून उतार करायचा तेवढा राहिला. आणि जिथं उतार येणार, नेमक्या तिथं आमच्या साती आसरा. करंजाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले सात दगड, नदीच्या सात बहिणी. कामावरचे साहेब म्हणाले, दगड हलवून द्या, आठवड्यात भराव टाकून देतो. साहेब काही वाईट माणूस नव्हता. पण आमच्याकडं आसरा हलवायच्या तर घराघरातल्या सवाष्णीनं ओटी भरायची, आईची परवानगी मागायची, मग हलवायच्या. आणि तेव्हा अर्धं गाव ऊस तोडायला गेलतं. निम्म्या दारांना कुलपं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. कुणी म्हणालं, आहेत त्या बायकांनी ओट्या भरा आणि उरका. आमचे मालक कधी बैठकीत बोलत नाहीत, ते त्या दिवशी उठून उभे राहिले. म्हणाले, "जी माणसं कुलपं लावून गेल्यात, त्यांची ही देवी न्हाई का? पुराच्या पाण्यातनं तीच लोकं बिऱ्हाड घेऊन जात्यात-येत्यात. त्यांच्या माघारी देव हलवायचा म्हंजे त्यांना गावातनं काढल्यासारखं हाय. चार म्हयने थांबू. एवढी वर्सं थांबलो, चार म्हयन्यानं काय होतंय?" सगळ्यांना पटलं. ज्यांच्या ट्रॅक्टरवर ऊस चालतो त्या बागाईतदारांनासुद्धा पटलं. मला तर असा अभिमान वाटला! रात्री मी त्यांना गूळ घालून शेवया केल्या. आजही मला वाटतं, माणूस बोलला ते खरं बोलला. त्याचं पुढं काय होईल हे त्याला कसं कळावं?

साहेबांनी मशिनी उचलल्या आणि दुसऱ्या कामावर नेल्या. "तुमची माणसं आली की कळवा," म्हणाले. पाडव्याच्या सुमारास माणसं आली. काय सोहळा झाला! सगळ्या गावातल्या बायका हिरव्या बांगड्या भरून निघाल्या, हलगी वाजली, आसरा उचलून वरच्या अंगाला नव्या ओट्यावर बसवल्या, पुरणपोळी झाली. साहेबांना कळवलं. येतो म्हणाले. परत कळवलं, पावसाळ्याआधी येतो म्हणाले. नंतर फोनच लागेना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. आमच्या बाजूनं पूल दोन पुरुष उंचीवर येऊन तसाच थांबला. समोर सिमेंटची भिंत, भिंतीतून बाहेर आलेल्या गंजक्या सळया. असून अडचण, नसून खोळंबा. पोरं त्याच्याखाली उभी राहून फोटो काढायची, लग्न ठरलेली जोडपी फोटोला यायची. माझं बघणं काही सुटलं नाही. अपुरा होता तरी देखणा होता, काय करू?

आणि त्याच उन्हाळ्यात मालकांचे पाय सुजायला लागले.

आधी वाटलं, उन्हानं असेल. मग तोंड सुजलं, जेवण जाईना, दोन पावलं चालले की धाप. बीडला नेलं तर डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर घ्यावं लागेल, सोमवारी आणि गुरुवारी, आणि चुकवायचं नाही. मी विचारलं, "कुठवर?"  डॉक्टर म्हणाले, "चालू राहील तोवर, मावशी."  ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा पेलाभर चहा फुकट घेतला नाही, तो आता एका मशीनच्या जिवावर जगणार. त्यानं अंगातलं रक्त काढून घ्यायचं, धुवायचं आणि परत द्यायचं.

ते मशीनवर असले की मला दवाखान्यात बसवत नसे. त्या सगळ्या नळ्या बघून डोकं भणभणायचं. मग मी बाहेर पडायची. खंडोबाच्या टेकडीवर दोन दीपमाळा आहेत, अंगानं कोपरेच कोपरे, खालपासून वरपर्यंत दगडात चित्रं. पडझड झाली तरी अजून ताठ. मी खाली बसून त्यांच्याकडं बघायची आणि भांडायची. म्हणायची, तुम्हाला एवढी वर्षं उभं राहायचं जमतं, माझ्या माणसाला का जमत नाही? एकदा कंकालेश्वराला गेले. पाण्याच्या मधोमध उभं देऊळ, आणि तिथवर जायला काठापासून नीट वाट. ते बघून माझा असा संताप झाला! जुन्या काळच्या माणसाला कळलं होतं की देऊळ बांधायचं तर आधी तिथं जायची वाट पाहिजे. मी हात न जोडता परत आले.

मग भाद्रपदात पाऊस लागला. असा पाऊस आमच्या दुष्काळी मुलखाला माहीतच नाही. नदी फरशीवरून गेली, मळ्यात शिरली, कापूस उभाच्या उभा कुजला. रविवारी मी काठावर जाऊन पाणी बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. सोमवार गेला. गुरुवार गेला. वरच्या गावाकडून फिरून जायची वाट होती, ती काळ्या रानातली. बैलगाडीचं चाक तुंब्यापर्यंत, म्हणजे मधल्या लाकडापर्यंत, रुतत होतं. फोन लावले, ह्याला लावले, त्याला लावले, सगळे म्हणाले, पाणी उतरू द्या. घरात मालक उशांना टेकून बसलेले, आडवं झालं की श्वास कोंडायचा. तोंड ओळखू येईना. ओठ निळे. मला म्हणाले, "मीच म्हणलो ना गं, चार म्हयन्यानं काय होतंय?" मी म्हणलं, "गप बसा. देवाचं काम केलं तुमी." पण आतून मी त्या देवींना शिव्या देत होते. खरं सांगते, आसरांना मी त्या रात्री नको नको ते बोलले.

सकाळी माझी जाऊ आली. जाऊ म्हणजे मालकांच्या चुलत भावाची बायको, वयानं माझ्याहून लहान, आमच्या शेजारी राहते. त्यांची टोळी दर वर्षी कारखान्यावर जाते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, पूल तर कोरडा हाय की वरून."

"हाय. पण चढायचं कसं? उडून?"

"आमची फळी हाय."

फळी म्हणजे ऊसतोडीतली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायला लांब, अरुंद फळी लावतात, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. भरलेल्या ट्रकची उंची आणि आमच्या पुलाची उंची जवळजवळ सारखीच. एवढे महिने तो पूल सगळ्यांनी बघितला, मी तर रोज बघितला, पण माझ्या डोक्यात ते आलं नाही.

गड्यांनी फळी पुलाला टेकवली आणि खालून धरली. पण मालकांना वर न्यायचं कसं? एका हातात मशीनच्या सुईसाठी डॉक्टरांनी शीर जोडलेली. त्या हाताला दोरी लागायला नको, हिसका बसायला नको. बाज त्या फळीवर मावेना. गडी एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा जावेनं पदर कंबरेला खोचला आणि मालकांसमोर पाठ करून बसली. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय डोक्यावरचा पदर पडू देत नाही, मोठ्यानं बोलत नाही, हाताला हात लागू देत नाही. तिच्या लग्नापासून मी त्या दोघांना कधी समोरासमोर बोलताना बघितलं नव्हतं. मालक म्हणाले, "न्हाई, न्हाई. तिला नको." जाऊ तोंड न वळवता म्हणाली, "आक्का, भाऊजींना सांगा, मोळी हाय असं समजत्ये मी." धोतरानं त्यांना तिच्या पाठीशी बांधलं. एक बाई पुढं, एक मागं. ती पट्टीवर पाय ठेवत चढली. मालकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. लाजेनं मिटले की भीतीनं, मी कधी विचारलं नाही.

फोन करून बोलावलेला रिक्षावाला पलीकडून पुलावर थेट टोकापर्यंत आला होता. त्या दिवशी मालक वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

त्यानंतर प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी जाऊ यायची. येतानाही तीच उतरवायची. पाणी खाली गेलं, पण फरशी मधूनच वाहून गेलेली. तिथं माणूस बुडेल एवढा डोह झाला होता आणि दोन्ही बाजूंना मांडीभर गाळ. मी कचेरीत जाऊन आले, पाऊस उघडला की भराव होईल म्हणाले. कुणी म्हणालं, बीडलाच खोली घेऊन राहा. मालक म्हणाले, "मरायचं तर आपल्या दारात मरीन." मी म्हणलं, "मरायचं कुणी सांगितलंय तुमाला?" असे आमचे संवाद.

आणि दसरा आला.

मला माहीत होतं. दर वर्षी येतो, ह्या वर्षीही येणारच होता. तरी मी ते मनात येऊ दिलं नाही. टोळीसाठी पलीकडं ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. सगळ्या टोळीनं त्याच फळीवरून बिऱ्हाडं चढवली. पत्र्याच्या पेट्या, भांडी, शेरडं, पोरं. पुलावरून रांगच्या रांग चालली होती, डोक्यावर ओझी, आभाळाच्या अंगाला. दुसरी वेळ असती तर मी म्हणाले असते, असं दृश्य बघायला नशीब लागतं. त्या दिवशी मी धावत गेले आणि जावेच्या पायावर डोकं ठेवलं. थोरल्या जावेनं धाकटीच्या पायावर.

"जाऊ नको गं. मी तुझ्या पाया पडते. त्यांना कोण चढवील?"

ती किंचाळली, "आक्का, पाप लावू नका मला!" आणि खाली बसून मला धरून रडायला लागली. तिला तरी काय इलाज होता? टोळी ठरलेली, तिकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तिच्याशिवाय नवऱ्याचा कोयता अर्धा. मागून मुकादम ओरडला, "फळी घ्या रे वर!" जाऊ उठली. डोळे पुसले आणि म्हणाली, "फळी हितंच राहील." मुकादम म्हणाला, "मग तिकडं माल कसा भरायचा? तुझ्या बापाची फळी हाय का?" ती म्हणाली, "माझी मोळी मी उडी मारून चढवीन. फळी हितंच राहील." मुकादम काहीबाही बोलला, पण फळीला हात लावला नाही.

गावात राहिले ते म्हातारे, आणि पाठीवर ओझं घ्यायची सवय नसलेली मोठ्या घरची माणसं. एका बागाईतदारानं दोन गडी पाठवले. त्यांनी मालकांना असं चढवलं की शीर जोडलेल्या हाताला सूज आली. पुढच्या वेळी गडी आलेच नाहीत. निरोप आला, सोयाबीनची मळणी चालू हाय.

सोमवारी सकाळी मी डोक्याला फडकं बांधलं, पदर खोचला, आणि त्यांच्यासमोर पाठ करून बसले.

"येडी झाली का? तुझी पाठ कशी हाय?"

"बांधून घ्या गुमान."

त्यांनी हातानं धोतराची गाठ मारली. मी उठले. आता ते काही पहिल्यासारखे जड राहिले नव्हते. पण अंगात पाणी साचलेला माणूस फार वेगळा जड असतो. तो पाठीला चिकटत नाही, हलतो. पहिली पट्टी. दुसरी. मी मोळ्या वाहिल्या आहेत आयुष्यभर, पायाला पट्ट्या सापडत होत्या, पण पाठ फाटत होती. फळी खालून धरायला कुणी नव्हतं, ती मधे वाकायला लागली. बाजूला खाली फरशीजवळचा डोह दिसत होता. मी नजर परत पट्टीवर आणली. कानाशी ते म्हणाले, "सोड मला. अगं, सोड. तू तरी ऱ्हाशील." मी म्हणलं, "तोंड बंद ठेवा, न्हाईतर दोघंबी जाऊ." मी रडत होते, शिव्या देत होते, पुलाला, साहेबाला, आसरांना, आईबापाला, ज्यानं ही फळी केली त्याला. वरून रिक्षावाल्यानं माझ्या दंडाला धरून ओढलं आणि आम्ही दोघं वर जाऊन पडलो.

मी तशीच पालथी पडून राहिले. गालाला सिमेंट लागत होतं, उन्हानं तापलेलं. ज्या पुलाला बघून मी रडले होते तोच हा पूल. तोंडात रक्ताची चव आली. ओठ चावला गेला होता.

रिक्षावाला म्हणाला, "मावशी, येताना?"

येताना. उतरायचंही होतं, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी म्हणलं, "येताना बघू."

मालक उठून बसले होते. ते म्हणाले, "आजचं आजच्यापुरतं. हे शेवटचं. गुरुवारी मी येणार न्हाई."

"कावून?"

"कावून म्हंजे? माझ्यापायी तू मरशील. मी असा जगून काय करू?"

मी जी उठले ना! पाठ मोडली होती तरी उठले. म्हणलं, "तुमी कोण ठरवणार? चार म्हयने थांबू म्हणून तुमी ठरवलं, गाव थांबलं, मी थांबले. शेवया केल्या तुमाला. आता हे मी ठरवणार. मी बायको हाय, फळी न्हाई तुमची, पाय देऊन वर जायला आणि मग सोडून द्यायला." काय बोलले, मला तरी कुठं कळत होतं? रिक्षावाला लांब जाऊन नदी बघत उभा राहिला. मालक रिक्षात बसले. मशीनवर जाऊन आलो. संध्याकाळी ते फळीवर बसून, घसरत, पट्टी पट्टी करत उतरले. रिक्षावाल्यानं वरून धोतराचं टोक धरलं होतं, मी खालून त्यांचे पाय. धोतर फाटलं. त्यांचं अंग खरचटलं.

घरी आल्यावर दोन दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी दिलं तर घ्यायचे, भाकर दिली तर एक घास खायचे. बुधवारी मी म्हणलं, "उद्या गुरुवार." ते भिंतीकडं तोंड करून झोपले. मी रात्रभर पाठीला तेल लावत बसले. मनात म्हणलं, हा माणूस हट्टी आहे. तोंडानं नाही म्हणाला तर देवसुद्धा हलवू शकत नाही.

गुरुवारी मी नदीकडं निघाले. मागं बघितलं नाही. मागून काठीचा आवाज येत होता. एवढं तरी आले. पण मालक फळीपाशी पोचले आणि एका दगडावर बसले. वर रिक्षा आलेली. रिक्षावाल्यानं आज हॉर्न वाजवला नाही. मालक नदीकडं बघून म्हणाले, "तू जा घरी. मी बसतो हितं थोडा वेळ."

  मी फडकं बांधलं, पदर खोचला, आणि त्यांच्यासमोर पाठ करून खाली बसले. ऊन वर आलं. गुडघ्यांना मुंग्या आल्या. मी वळून बघितलं नाही, रडले नाही, देवाला काही म्हणाले नाही. नुसती बसून राहिले. आता ते नाही म्हणाले तर मी इथंच बसणार होते, दिवसभर, उद्यापर्यंत, जिवात जीव असेपर्यंत. लई वेळ गेला.

मग मागून त्यांचे हात माझ्या खांद्यांवरून पुढं आले. त्यांनी धोतराची गाठ मारली. गाठ झाली, तशी त्यांनी हनुवटी माझ्या मानेला टेकवली आणि म्हणाले, "सावकाश चढ गं. पडशील."